मदत हवी आहे: पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाने धरणाच्या तळावर काय परिणाम होतो, हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी, मी पैठणकडचा. नाथसागरात मासेमारी करणाऱ्या आमच्या संस्थेत पिंजरे (पाण्यात तरंगत ठेवलेल्या जाळीच्या पेट्या, त्यात मासे वाढवतात) टाकायचा विषय निघालाय. पंगस नाहीतर चिलापी वाढवायची. माझा विरोध नाही, जाळं रिकामं आलं की घरात काय होतं ते मला माहीत आहे. पण हेच पाणी संभाजीनगर आणि जालना पितात, शिवाय १९८६ पासून इथं पक्षी अभयारण्य आहे. त्यामुळे आधी नीट समजून घ्यायचंय.

वाचायला मिळालं ते सगळं समुद्राचं. नॉर्वे-स्कॉटलंडकडे सालमनच्या पिंजऱ्यांखाली उरलेलं खाद्य आणि विष्ठा साचते. ती कुजताना तळाचा ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गाळावर जिवाणूंची पांढरी साय धरते, बाकीचे जीव जाऊन कॅपिटेलासारखे मोजके किडे उरतात. खाद्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन माशाच्या अंगी लागतच नाही, पाण्यात जातो. म्हणून तिकडे खोल, वाहत्या पाण्याची जागा बघतात. नॉर्वेत तर मासे काढल्यावर किमान २ महिने जागा रिकामी ठेवावीच लागते.

आपल्याकडे ना भरती ना ओहोटी. त्यात उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. दिवाळीत पिंजऱ्याखाली भरपूर पाणी दिसेल, पण मे महिन्यात? माझी खरी काळजी हीच आहे. संस्थेत चर्चा मात्र फक्त किती टन मासे निघतील याची होते.

ज्यांनी कोकणात, उजनीत किंवा आणखी कुठे पिंजरे सांभाळलेत किंवा पाण्याची तपासणी केली आहे, त्यांनी कृपया सांगा: उन्हाळ्यातल्या सगळ्यात कमी पातळीला पिंजऱ्याच्या तळाखाली निदान किती पाणी राहायला हवं? विरघळलेला ऑक्सिजन पहाटे, अगदी तळाजवळ मोजायचा हे बरोबर ना? गाळाचा नमुना कशाने काढता?

आणखी एक अडचण आहे. गाळपेरीचं खत आणि वरच्या गावांचं सांडपाणीही याच पाण्यात येतं. उद्या शेवाळ वाढलं तर दोष पिंजऱ्यांचा की त्यांचा, हे कसं ठरवायचं? पिंजरे टाकायच्या आधीच नमुने घेऊन ठेवावेत आणि लांबची एक जागा तुलनेसाठी धरावी, असं मला वाटतं. एवढं पुरेल का? गाळ तपासून देणारी प्रयोगशाळा मराठवाड्यात कुणाला माहीत असेल तर तेही कळवा. संस्थेची बैठक पावसाळ्याआधी आहे.