मदत हवी आहे: डोळे झकास जमतात, पण माझी आयडॉल आत्याबाई दिसते

पानगळ | गुरुवार, रात्री ९:४०
तीन दिवस एकच चित्र खोडतेय. अ‍ॅनिमेत, म्हणजे जपानी कार्टूनमध्ये असते तशी गोंडस पॉप आयडॉल हवी आहे. वर बांधलेल्या दोन पोनी, झालरीचा फ्रॉक, हातात माइक, एक डोळा मिचकावलेला. डोळे वेगळे काढले की झकास येतात. तेच चेहऱ्यावर बसवले की गाणारी पोरगी गायब, आणि जाब विचारायला आलेली आत्याबाई हजर. कुठे चुकतंय? "सराव करा" सांगायला येऊ नका प्लीज. रविवारी द्यायचंय.

टोकयंत्र | ९:५२
कागद की डिजिटल? चेहरा समोरून की तिरका? नुसता चेहरा की पूर्ण उभी? कशात बघून काढताय की मनाने? फोटो असेल तर टाका, नाहीतर सगळे अंदाजपंचे बोलत बसतील.

लेयरवर_लेयर | ९:५५
क्रिटा नावाचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. ब्रशला स्टॅबिलायझर लावला की हात थरथरला तरी रेघ गुळगुळीत येते. आणि कीबोर्डवर एम दाबलं की चित्र आरशात उलटतं, सगळ्या चुका समोर. डोळे वेगळ्या लेयरवर (थरावर) ठेवा, हवे तिथे सरकवा. खोडायचा प्रश्नच नाही.

पानगळ | १०:०३
कागदावरच काढतेय, लिहिलंय ना खोडतेय म्हणून! चेहरा थोडा तिरका. पूर्ण उभी.

लेयरवर_लेयर | १०:०६
खोडणं डिजिटलमध्येही असतं हो.

मास्तर_बिनछडीचे | १०:२०
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आजकाल सगळ्यांना थेट डोळ्यांतल्या चमचमत्या चांदण्या हव्या असतात. आधी कवटी काढायला शिका, मग मान, मग खांदे. सहा महिने फक्त खऱ्या माणसांची रेखाटनं करा. कार्टून आपोआप येईल.

भुंगा | १०:२४
मास्तर, रविवारी द्यायचंय तिला. सहा महिने म्हणजे कुठला रविवार?

मास्तर_बिनछडीचे | १०:३१
मग रविवारी आत्याबाईच द्या.

अधांतरी | १०:३८
+१ मास्तरांना. पण कवटी शिकून गोंडस येईलच असं नाही. मी दोन वर्षं खरे चेहरे काढले आणि पहिली अ‍ॅनिमे मुलगी काढली ती पासपोर्टच्या फोटोसारखी आली. खऱ्या चेहऱ्याची मापं गोंडसपणाच्या आड येतात.

पानगळ | १०:४५
फोटो टाकलाय. हसू नका.

कच्ची_रेघ | ११:१०
हसले नाही, उलट डोळे खरंच सुंदर आहेत. बुबुळात वर गडद, खाली फिकट, एक मोठा पांढरा ठिपका आणि तिरपा समोर छोटा, हे सगळं बरोबर जमलंय. घोळ जागेचा आहे.

कागदाची एक पट्टी घ्या. टाळूपासून हनुवटीपर्यंत कापा. टाळू म्हणजे डोक्याची, केसांचा फुगवटा धरायचा नाही. मधोमध दुमडा आणि चित्रावर ठेवा. घडी तुमच्या डोळ्यांच्या खाली येते की नाही? खऱ्या मोठ्या माणसाचे डोळे साधारण त्या घडीवर असतात. लहान मुलाचे त्याच्याही खाली, कारण त्याचं कपाळ मोठं आणि हनुवटी इवलीशी. गोंडस दिसतं ते या मापामुळे. तुम्ही डोळे घडीच्या वर चढवलेत, म्हणून खाली नाकाला आणि जबड्याला ऐसपैस जागा उरली, आणि त्या जागेत आत्याबाई शिरली.

उघड्या डोळ्याची वरची पापणी घडीला टेकू द्या, अख्खा डोळा खालच्या अर्ध्यात. नाक म्हणजे एक टिंब. तुम्ही नाकाची पूर्ण कड काढलीय, ती पुसा. तोंड नाकाच्या जवळ, बारीक.

आता तिरकेपणा. दोन्ही डोळे सारख्या रुंदीचे काढलेत. चेहरा वळला की पलीकडचा डोळा अरुंद होतो. उंची तीच, रुंदी कमी. आणि चेहऱ्याची मधली उभी रेघ सरळ नसते, अंड्यावर काढल्यासारखी वळते.

राग कुठून आला तेही सांगते. भुवयांची नाकाकडची टोकं खाली उतरलीत आणि डोळ्याला चिकटलीत. वर उचला, थोड्या कमानदार करा.

भुंगा | ११:१४
"त्या जागेत आत्याबाई शिरली" 😂

दूरदर्शी | ११:२२
अवांतर: हे मोठे डोळे मुळात जपानी नाहीतच. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका डिस्नेची कार्टूनं बघून मोठे झाले, तिथून आले. शिवाय त्यांचं लहानपण ताकाराझुका शहरात गेलं. तिथल्या फक्त बायकांच्या नाटक मंडळीचा रंगमंचावरचा भडक डोळ्यांचा मेकअप त्यांच्या मनात बसला होता.

अधांतरी | ११:३०
अर्धवट माहिती. चित्रकार जुनइची नाकाहारा १९३० च्या दशकातच मुलींच्या मासिकांसाठी टपोऱ्या डोळ्यांच्या मुली काढत होते. तेझुकांचा जन्मच १९२८ चा.

दूरदर्शी | ११:३४
मी "तेझुकांनी शोध लावला" असं कुठे म्हटलंय? लोकप्रिय केले म्हणतोय.

अधांतरी | ११:३६
"तिथून आले" म्हणालात. वर जाऊन वाचा.

टोकयंत्र | ११:४०
दोघांनी वेगळा धागा काढा. पानगळ, पट्टी लावून पाहिलीत का?

पानगळ | शुक्रवार, दुपारी १:१५
पाहिली. डोळे खाली आणले, भुवया उचलल्या. राग गेला!! पण अजून लांबुडकीच दिसते. गंमत म्हणजे काढताना गोल दिसत होती, फोटो काढला की लांबट. मोबाइलचा कॅमेराच बाद आहे बहुतेक.

लेयरवर_लेयर | १:२०
डिजिटलला फोटो काढावाच लागत नाही.

टोकयंत्र | १:२८
काढता कुठे बसून? कागद टेबलावर सपाट ठेवता?

पानगळ | १:३३
टेबल नाही. पलंगावर पालथी पडून काढते. त्याचा काय संबंध?

टोकयंत्र | १:४१
सगळा संबंध तिथेच आहे! पालथं पडल्यावर कागद तुम्हाला तिरपा दिसतो आणि त्याची उंची आखडते. ती भरून काढायला तुम्ही नकळत चित्र उभं ताणता. मग फोटो सरळ वरून घेतला की ताण उघडा पडतो. कॅमेऱ्याला उगाच बोल लावू नका. कागद पाटीला चिमटा लावून तिरपा धरा, म्हणजे नजर त्यावर सरळ पडेल. ते जमत नसेल तर दर पाच मिनिटांनी कागद भिंतीला टेकवून दोन पावलं मागे या. आणि उजेडासमोर धरून मागच्या बाजूने बघा. हे आपलं फुकटातलं एम बटण.

लेयरवर_लेयर | १:४४
मान्य, हे भारी आहे.

पानगळ | १:४६
तीन दिवस!!! आधी का नाही सांगितलंत?

टोकयंत्र | १:४७
तुम्ही पलंगाचं आधी का नाही सांगितलंत?

निळी_पोनी | ३:०५
पोनीबद्दल कोणी बोललंच नाही. लांबून काळी आकृती दिसली तरी ओळखू आली पाहिजे, आयडॉलचा तोच मंत्र. हात्सुने मिकू घ्या, २००७ साली एका गाणाऱ्या सॉफ्टवेअरचा चेहरा म्हणून आली आणि आज नुसत्या दोन लांब पोनींच्या सावलीवरून ओळखतात. तुमच्या पोनी झाडूसारख्या आल्यात कारण एकेक केस काढत बसलात. आधी गाठीची जागा ठरवा, मग पोनीचा एकच मोठा आकार काढा. मुळाशी बारीक, मध्ये फुगलेला, टोकाला निमुळता. आत चार-पाच बटा पुरतात. आणि दोन्ही पोनी सारख्या नकोत. ती उडी मारून खाली येत असेल तर पोनी मागे राहतात, वर उडतात. चित्रात नाच तिथून येतो.

अनाहूत | ३:३०
आयडॉल म्हणजे गायिकाच ना? मग सरळ गायिका म्हणा की.

निळी_पोनी | ३:३६
नुसती गायिका नाही. गाणं, नाच, चाहत्यांशी गप्पा, सगळंच आलं त्यात. बऱ्याच गटांत प्रत्येकीचा रंगही ठरलेला असतो आणि चाहते त्याच रंगाच्या दिव्याच्या कांड्या हलवतात. पानगळ, हे तुमच्याही कामाचं आहे: एक मुख्य रंग धरा आणि तो रिबन, झालर आणि बुबुळ एवढ्यातच फिरवा. सात रंग ओतू नका.

पानगळ | रात्री ८:५०
चेहरा झाला, पोनी झाल्या. आता माइकचा हात. पाच बोटं काढली की खेकडा होतो. मास्तर, आता कवटी नका सांगू.

मास्तर_बिनछडीचे | ९:०५
नाही सांगत. आधी माइक काढा, नळकांडं. त्याभोवती बिनबोटांचा हातमोजा गुंडाळा, म्हणजे चार बोटांचा एकच ठोकळा. अंगठा समोरून येऊन त्या ठोकळ्याला भेटतो. हे पटलं की मगच ठोकळ्यावर तीन रेघा मारा, चार बोटं तयार. करंगळी किंचित सुटी ठेवलीत तर हात नाजूक दिसतो. चित्र मोठं करायचं नसेल तर तीनऐवजी दोन रेघा मारा, कोणी मोजत नाही.

भुंगा | ९:०८
मास्तर विरघळले!

मास्तर_बिनछडीचे | ९:१२
हाताच्या बाबतीत दया येते, मीही खेकडे काढलेत. पायांचंही सांगून ठेवतो. ती एका पायावर भार देऊन उभी असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्याच पायाच्या टाचेजवळ पडला पाहिजे. नाहीतर रविवारपर्यंत पडेल.

कच्ची_रेघ | ९:३०
झालर: आधी खालची कड नागमोडी काढा, काही वळणं मोठी काही छोटी. मग प्रत्येक वळणाच्या कडेपासून कमरेकडे रेघ ओढा, वर जाताना एकमेकींजवळ येऊ द्या आणि मध्येच सोडून द्या. सगळ्या रेघा पट्ट्यापर्यंत नेल्या की छत्री होते. वळणाच्या आत दिसणारी उलटी बाजू गडद करा, घेर लगेच दिसतो.

पानगळ | शनिवार, सकाळी ११:२०
छत्री झालीच होती, पुसली. उद्या शाई. अल्कोहोल मार्करने रंगवणार आहे.

टोकयंत्र | ११:२६
थांबा! त्याच पेनने त्याच कागदाच्या तुकड्यावर रेघ मारा, वाळू द्या, वरून मार्कर फिरवा. काही शाया पाण्याला दाद देत नाहीत, पण अल्कोहोलमध्ये पसरतात. आणि शाई वाळायच्या आधी रबर लावलंत तर परत पहिल्यापासून.

पानगळ | रविवार, सकाळी ९:५०
शाई झाली, रंग झाले, फोटो खाली आहे. पण मिचकावलेला डोळा काहीतरी विचित्र वाटतोय. तिसरी भुवई असल्यासारखा.

कच्ची_रेघ | १०:०२
तुम्ही मिटलेल्या डोळ्याची कमान उघड्या डोळ्याच्या वरच्या पापणीच्या उंचीला काढलीय. मिटताना वरची पापणी खाली उतरते, म्हणून ती कमान खाली हवी होती, उघड्या डोळ्याच्या खालच्या अर्ध्यात. आता शाई झालीय. कपाळावरच्या झिपऱ्यांची एक जाड बट त्या बाजूला ओढून कमान झाका आणि योग्य जागी नवी काढा. बटेचा रंग गडद आहे, काही कळणार नाही.

पानगळ | १०:४०
झाकली. आता ती मुद्दामच तशी केशरचना करून आल्यासारखी दिसतेय! निघाले द्यायला.

अनाहूत | सायंकाळी ६:१५
पेन्सिल कोणती वापरलीत? मी एचबी वापरतो.