होडीच्या अ‍ॅल्युमिनियम कठड्याचे पावडर कोटिंग उठले : मदत हवी आहे

नमस्कार. गोव्यातील शापोरा जेटीवर असलेल्या आमच्या होडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कठड्याला दोन वर्षांपूर्वी पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड फवारून भट्टीत भाजलेला थर) करून घेतले होते. सपाट भाग आजही चकचकीत आहे, पण स्टेनलेस स्क्रूंभोवती रंगाला फोड आले असून नखाने खरवडताच खालून पांढरी भुकटी निघते. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजते, हे मला उशिरा समजले. शिवाय स्क्रूंची भोके कोटिंगनंतर पाडली, त्यामुळे त्यांच्या कडा उघड्या राहिल्या, हे फार चुकले. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात सारे खरवडून, इपॉक्सी प्रायमर देऊन पुन्हा भट्टीत सुमारे २०० अंशांवर भाजून घ्यावे, की अ‍ॅनोडायझिंगच (विजेच्या साह्याने धातूवर ऑक्साइडचा कठीण थर चढवणे) करावे? स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर पुरतात का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.