मदत हवी आहे: ६०० यार्डांवर आडव्या वाऱ्याचं करेक्शन जुळत नाही

दूरचा_नेम

रायफल .३०८ विंचेस्टर, १७५ ग्रेन बोट-टेल मॅच गोळी, क्रोनोग्राफवर वेग २६०० फूट/सेकंद, नळीच्या आतल्या खाचांचा पीळ उजवा, १० इंचांत एक फेरा. स्कोपचा क्लिक पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, ६०० यार्डांवर साधारण ६ इंच), झिरो, म्हणजे नेम आणि गोळी जुळवलेलं अंतर, १०० यार्डांवर. झोपून, बायपॉडवर. उंचीची तक्रार नाही, उभा पसारा ४-५ इंचांत राहतो.

अडचण आडवी आहे. वारा बहुतेक डावीकडून, ९ वाजताचा (टारगेट १२ वर धरून). फायरिंग पॉइंटवर विंडमीटर ८ मैल/तास दाखवतं, अ‍ॅप ४ मिनिटं सांगतं. तेवढं डायल केलं, म्हणजे नॉब डावीकडे फिरवला, की गोळ्या बहुतेक वेळा ८-१० इंच डावीकडे जातात, मधूनच एखादी ५ इंच उजवीकडे. फायरिंग पॉइंट उघड्यावर आहे. डाव्या हाताला साधारण ५० ते २५० यार्डांपर्यंत मातीचा उंच बांध, त्यापुढे सगळं मोकळं. झेंडे २००, ४०० आणि ६०० ला.

१. मीटर खरं मानायचं की झेंडे, आणि कुठला झेंडा?
२. नॉब फिरवायचा की रेटिकलवर (स्कोपमधल्या खुणांवर) धरायचं?
३. वारा पडल्यावरसुद्धा गोळ्या अडीच-तीन इंच उजवीकडे का जातात?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पाव_मिनिट

उत्तर तुमच्या बांधात आहे. मीटर खोटं बोलत नाही, पण ते फक्त तुमच्या नाकासमोरचा वारा सांगतं. अ‍ॅप मात्र तोच ८ मैल ६०० यार्डांपर्यंत सलग धरतं.

वाऱ्याने गोळीला सुरुवातीला दिलेला कोन पुढे सगळ्या अंतरभर वाढत जातो, म्हणून नळीजवळचा वारा जास्त महाग पडतो. सगळीकडे सारखा वारा असेल तर एकूण सरकण्यातला जवळजवळ अर्धा वाटा पहिल्या तिसऱ्या भागाचा, तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त मधल्याचा, उरलेला शेवटच्याचा. तुमच्या ५० ते २५० यार्डांच्या पट्ट्याचाही वाटा जवळपास निम्मा येतो. तिथे वारा अर्धा झाला तर गोळीच्या दृष्टीने वारा ६ मैलांच्या आसपास, आणि जवळजवळ मेला तर ४ ते साडेचार.

आता हिशेब घाला. तुमच्या गोळीला ६०० वर १० मैलांचा पूर्ण आडवा वारा साधारण ३० इंच ढकलतो, म्हणजे मैलाला ३ इंच, अर्धं मिनिट, दोन क्लिक. ८ साठी डायल केलं आणि खरा परिणाम ५ चा असेल तर ९ इंच डावीकडे. तुमची तक्रार नेमकी हीच आहे.

झेंड्यांत २०० वाला आधी बघा, कारण तो बांधाआडचा वारा दाखवतो. मग ४०० वाला. ६०० वाल्याकडे सगळे टक लावून बसतात कारण तो टारगेटशेजारी दिसतो, पण त्याचं मत सर्वांत हलकं.

मीटर शरीरापासून लांब, हात पूर्ण पसरून धरा. अंगाच्या आडोशाला धरलं तर एक-दोन मैल तिथेच जातात. एकक पण तपासा. १६ किमी/तास, १० मैल/तास आणि साडेचार मीटर/सेकंद हा एकच वारा आहे.

मिराजवाला

वरच्याला +१. झेंड्यापेक्षा मी मिराजवर, म्हणजे तापलेल्या हवेच्या दिसणाऱ्या लाटांवर, भर देईन, कारण झेंडा जड असतो आणि उशिरा वळतो. वारा पडल्यावरही कापड थोडा वेळ फडफडत राहतं.

स्पॉटिंग स्कोप आधी टारगेटवर स्पष्ट करा, मग फोकस अलीकडे आणा, इतका की टारगेट किंचित धूसर होईल आणि मधल्या अंतरावरच्या हवेच्या लाटा ठळक दिसतील. तुमच्या रेंजवर हे दोनदा करा, एकदा २०० च्या आसपास, एकदा ४०० च्या. लाटा सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा शून्य, किंवा वारा थेट समोरून वा पाठीमागून. तिरक्या धावल्या तर हलका, आडव्या सपाट वाहिल्या तर जोराचा. साधारण १२ मैलांच्या पुढे लाटा इतक्या चपट्या होतात की फरक कळत नाही, तेव्हा झेंडे आणि गवत. ढगाळ हवेतही मिराजची आशा सोडा.

उकळी दिसली की गोळी सोडू नका. बहुधा वारा बाजू बदलत असतो.

क्लिकमोजणारा

प्रश्न २. मधला वारा डायल करा, चढउतार रेटिकलवर धरा. आधी गोळी न झाडता काही मिनिटं नुसतं बघून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वारा ठरवा. समजा गोळीला लागणारा वारा ४ ते ८ मैल आहे, म्हणजे २ ते ४ मिनिटं. ३ मिनिटं डावीकडे डायल केली की सगळा अंदाज चुकला तरी चूक एका मिनिटाची, ६ इंचांची.

प्रत्येक गोळीला नॉब फिरवणारे कधीतरी उलटीकडे फिरवतात, आणि तेव्हा चूक दुप्पट होते. डावीकडून वारा, गोळी उजवीकडे, नॉब डावीकडे, हे कार्डावर लिहून डोळ्यासमोर चिकटवा.

पाव_मिनिट

@क्लिकमोजणारा, एक अट जोडतो. रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनचं (झूम बदलला तरी तेवढंच दिसणारं) असेल तर त्याच्या खुणा एकाच ठरलेल्या झूमवर बरोबर असतात. झूम हलवला की धरलेलं एक मिनिट एक मिनिट राहत नाही. साधं क्रॉसहेअर असेल तर टारगेटची वर्तुळं मोजून धरा.

उजवा_पीळ

प्रश्न ३ वाऱ्याचा नाहीच. उजव्या पिळाची गोळी उजवीकडे सरकते, स्पिन ड्रिफ्ट. तुमच्या गोळीला ६०० वर साधारण ३ इंच, म्हणजे अर्धं मिनिट. अ‍ॅपमध्ये पीळ आणि त्याची दिशा भरून हा पर्याय चालू करा, किंवा २ क्लिक कायम डावीकडे ठेवा. दोन्ही एकदम नको.

तरी उरलं तर कँट, म्हणजे रायफलचा बाजूला कल, तपासा. १०० च्या झिरोवरून ६०० ला तुम्ही १५ मिनिटांच्या आसपास वर जाता. रायफल ३ अंश उजवीकडे कलली तर त्यातलं पाऊण मिनिट आडवं होतं, जवळपास ५ इंच उजवीकडे. स्कोपवर बबल लेव्हल लावा आणि ट्रिगरआधी एक नजर टाका.

आणखी एक, बरेच जण याला भरलेल्या गोळ्यांचा दोष समजतात. उजव्या पिळात डावीकडचा वारा गोळी किंचित खाली, उजवीकडचा किंचित वर टाकतो. १० मैलांना ०.४ मिनिट धरा. वाऱ्याची बाजू बदलली आणि गट तिरका पसरला तर उंचीचा नॉब छेडू नका.

दूरचा_नेम

सर्वांचे आभार. बबल लेव्हल नाहीये, लावतो. एक शंका: कधी कधी ४०० आणि ६०० चे झेंडे डावीकडून उजवीकडे, आणि २०० वरचं मिराज हळूच उलटं, उजवीकडून डावीकडे. तेव्हा काय धरायचं? आणि वारा ११-१ वाजताचा झाला की गोळ्या दोन्हीकडे विखुरतात.

मिराजवाला

उलटं मिराज म्हणजे बांधावरून उडी मारून आलेली हवा जमिनीलगत मागे वळते आहे. हा भोवरा टिकत नाही, त्यामुळे करेक्शन काढत बसू नका. वेळ असेल तर थांबा आणि २०० चं मिराज झेंड्यांशी जुळेल तेव्हा झाडा. वेळ संपत आला असेल तर नेहमीपेक्षा दीड-दोन मिनिटं कमी धरा.

पाव_मिनिट

समोरच्या वाऱ्यात वेगापेक्षा कोन बघा. ८ मैलांचा वारा साडेअकरावरून साडेबारावर गेला तर आडवा भाग २ मैल डावीकडून होता तो २ मैल उजवीकडून होतो, टारगेटवर १२ इंचांचा फरक. तोच वारा ९ वरून १० वाजता गेला तर फक्त एका मैलाचा, ३ इंचांचा फरक. म्हणून अशा वेळी एकच बाजू निवडा. साडेअकराची असेल तर १ मिनिट डावीकडे डायल करा, झेंड्याचं टोक तिथे असेल तेव्हाच झाडा, पलीकडे गेलं की बोट ट्रिगरवरून काढा.