चेक कौटुंबिक चित्रपट सामान्य माणसाला फार लवकर माफ करतात का?

निळीशाई

चेक सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव येतं ते 'कोल्या'चं. १९९६ चा चित्रपट, ऑस्कर मिळालेला. सरकारची मर्जी गेल्यामुळे फिलहार्मोनिकमधून बाहेर पडलेला लौका नावाचा चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) प्रागमध्ये अंत्यविधींना चेलो वाजवून आणि थडग्यांवरची अक्षरं रंगवून पोट भरतो. पैशांसाठी एका रशियन बाईशी खोटं लग्न करतो. ती पश्चिम जर्मनीला निघून जाते आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा याच्या पदरात पडतो. दिग्दर्शक यान स्विएराक, पटकथा आणि मुख्य भूमिका त्याच्या वडिलांची, झ्देन्येक स्विएराक यांची. बघताना डोळे भरून येतात हे मलाही मान्य आहे.

तरी माझं म्हणणं असं, की १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतर जे चेक कौटुंबिक चित्रपट सगळ्यात जास्त गाजले, त्यांनी आपल्याच लोकांना फार स्वस्तात सोडून दिलं. 'कोझी डेन्स' घ्या, यान ह्रेबेयकचा, १९९९ चा. चेक नाव 'पेलिश्की'. प्रागमधल्या एका घरात दोन बिऱ्हाडं, काळ १९६७ च्या नाताळापासून ऑगस्ट १९६८ पर्यंतचा. एका बिऱ्हाडात लष्करी अधिकारी शेबेक. समाजवादी देशांतल्या नव्या वस्तू तो कौतुकाने घरी आणतो. पूर्व जर्मनीतले प्लास्टिकचे चमचे गरम कॉफीत वितळतात आणि आपण पोट धरून हसतो. दुसऱ्या बिऱ्हाडात कम्युनिस्टांच्या नावाने बोटं मोडणारा क्राउस. शेवटापर्यंत दोघंही आपल्याला घरातल्या काकांसारखे वाटायला लागतात. पण ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे आल्यानंतरची एकवीस वर्षं तो देश चालवला कुणी? मॉस्कोहून माणसं आणून नाही चालवला. कार्यालयात, शाळेत, बराकीत असे प्रेमळ काकाच बसलेले होते.

याच्या शेजारी 'द इयर' (The Ear, म्हणजे 'कान') ठेवा. कारेल काखिन्याचा, १९७० चा. उपमंत्री लुडविक आणि त्याची बायको आना सरकारी मेजवानीहून रात्री घरी येतात. किल्ल्या नाहीत, वीज नाही, फोन बंद. आपल्या वरिष्ठाला अटक झाल्याचं लुडविकला कळलेलं आहे, आता पाळी आपली. रात्रभर तो कागद जाळत असतो आणि दोघं भांडत असतात. लग्नाचा दहावा वाढदिवस तो विसरला आहे, ती प्यायलेली आहे, आणि भिंतीत कुठेतरी कान, म्हणजे चोरून ऐकणारी यंत्रं, आहेत. पहाटे फोन येतो तो अटकेचा नाही, बढतीचा. तो मंत्री झालेला असतो. या नवरा-बायकोला चित्रपट एक क्षणही माफ करत नाही, आणि तरी माझा जीव त्या बाईसाठी तुटला. चित्रपट ताबडतोब बंदीत गेला, तो १९९० मध्ये बाहेर आला. कथा-पटकथा लिहिणाऱ्या यान प्रोखाझ्काची खाजगी संभाषणं चोरून ध्वनिमुद्रित केली होती, ती १९७० मध्येच सरकारी टीव्हीवर ऐकवण्यात आली. पुढच्याच वर्षी, बेचाळिसाव्या वर्षी, तो कर्करोगाने गेला.

मला 'द इयर'ची परंपरा मोठी वाटते. 'कोल्या'ची गोड वाटते. तुमचं मत सांगा.

मोराव्हियावासी

पूर्ण असहमत. मी चेक देशाच्या पूर्वेकडच्या मोराव्हियात, ब्रनोजवळ राहते, सासर इथलंच. नाताळात 'पेलिश्की' टीव्हीवर लागतो आणि घरातल्या सगळ्यांना संवाद तोंडपाठ असतात. सासरे हसतात ते स्वतःला माफ करून घेण्यासाठी हसतात असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. त्यांचे वडील शेबेकसारखे होते, मामा क्राउससारखे. एकाच टेबलाशी बसून जेवायचे, कारण दुसरं टेबल नव्हतं.

आणि तुम्ही क्राउसला नीट पाहिलेलं नाही असं मला वाटतं. बाहेरच्या हुकूमशाहीला शिव्या घालणारा हा माणूस घरात स्वतः हुकूमशहा आहे. आजारी बायको आणि वयात आलेली मुलगी, दोघींना त्याच्या आवाजाच्या धाकात जगावं लागतं. मग बायको जाते. विनोदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटात मधोमध हा मृत्यू ठेवलेला आहे, त्याला गोड कसं म्हणायचं? शेबेकचं तर सगळं आयुष्य ज्या विश्वासावर उभं आहे तो एका ऑगस्टच्या रात्रीत कोसळतो. याहून कडक शिक्षा पटकथाकाराने त्याला काय द्यायला हवी होती?

'कोल्या'तही एक जागा आहे. १९८९ च्या नोव्हेंबरात चौकात लोक किल्ल्या वाजवून राजवटीला निरोप देत आहेत. त्या गर्दीत लौकाची चौकशी करणारे पोलीसही किल्ल्या वाजवत उभे आहेत. लौकाला ते दिसतात. चित्रपट तिथे भाषण करत नाही, पुढे जातो. माफी म्हणजे काय आणि सोय म्हणजे काय, हे त्या काही सेकंदांत आलेलं आहे. कुणी रडत असेल म्हणून ते दिसत नसेल, तर दोष स्विएराकचा नाही.

सह्यवारा

निळीशाईंशी सहमत, फक्त एक भर. ह्रेबेयकला स्वतःलाच हा प्रश्न पडला असावा, नाहीतर त्याने २००९ मध्ये 'कावासाकीज रोज' केला नसता. पटकथाकारही तोच, पेत्र यारखोव्स्की. पावेल योसेक हा नामवंत मनोविकारतज्ज्ञ, जुन्या राजवटीला विरोध केलेला म्हणून मान असलेला. त्याला मोठा सन्मान मिळणार, त्यावर टीव्हीसाठी माहितीपट होतोय, आणि त्यात बाहेर येतं की तरुणपणी त्याने गुप्त पोलिसांना मदत केली होती. कुणाविरुद्ध? बोरेक नावाच्या शिल्पकाराविरुद्ध, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या पहिल्या प्रियकराविरुद्ध. बोरेकला देश सोडावा लागला. आणि योसेकची मुलगी लुसी मुळात बोरेकची आहे.

इथे राजकारण आणि संसार वेगळे काढताच येत नाहीत. योसेकने ते भीतीपोटी केलं, मत्सरापोटी केलं की त्या बाईवरच्या प्रेमापोटी? गुप्त पोलीस नेमके अशाच भेगा शोधायचे. चित्रपटातला निवृत्त अधिकारी आपल्या पद्धती किती शांतपणे सांगतो ते बघा, मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

तिसरीघंटा

चित्रपटांवरच बोलताय, पण त्या देशात संसाराची गोष्ट रोज रात्री सांगितली ती टीव्हीने. १९६८ नंतरच्या दोन दशकांत यारोस्लाव दितल हा तिथला सगळ्यात लोकप्रिय मालिकालेखक. त्याची 'हॉस्पिटल ॲट द एंड ऑफ द सिटी' १९७७ ते १९८१ मध्ये वीस भागांत झाली. हाडांच्या विभागाचा प्रमुख डॉक्टर सोवा, त्याच हॉस्पिटलात काम करणारा त्याचा मुलगा, बापाच्या नावाखाली दबलेला. पश्चिम जर्मनीतही लोकांनी ती मालिका डोक्यावर घेतली.

आणि 'द वुमन बिहाइंड द काउंटर', १९७७, बारा भाग. आना होलुबोवा ही घटस्फोटित बाई प्रागच्या सुपरमार्केटमध्ये कामाला लागते. तिचं एकटेपण, मुलं, नवं प्रेम. दुकानातली फळ्यांवरची मांडणी मात्र भरगच्च. प्रत्यक्षात लोक चांगल्या मालासाठी रांगा लावत होते. ज्या वर्षी 'चार्टर ७७' या मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांना नोकऱ्यांवरून काढलं जात होतं, त्याच वर्षीची ही मालिका. नायिका यिर्झिना श्वोर्त्सोवा. तिनेच त्या जानेवारीत राष्ट्रीय रंगभूमीच्या मंचावरून चार्टरविरोधी निवेदन कलाकारांच्या वतीने वाचलं होतं.

माझा मुद्दा: निळीशाई ज्याला स्वस्त माफी म्हणतात ती १९८९ नंतर सुरू झाली नाही. ती आधीच तयार होती, टीव्हीवर. घराबाहेर बघू नका, दुःख असेल तर ते घटस्फोटाचं, आजाराचं, बाप-लेकाचं. त्याचा सरकारशी संबंध नाही, हे त्या मालिकांनी शिकवलं. मालिका नीट लिहिलेल्या होत्या म्हणूनच ते मुरलं. वाईट लिहिल्या असत्या तर कुणी बघितल्याच नसत्या.

कृष्णाकाठची

तिसरीघंटा, तुमचं ऐतिहासिक म्हणणं मान्य, निष्कर्ष नाही. ती चाळिशीतली बाई, संसार मोडलेला, नव्या ठिकाणी रोज आठ तास उभं राहायचं, वर हसतमुख. फळ्या खोट्या होत्या म्हणून तिचं थकणं खोटं होत नाही. तिच्यात स्वतःला शोधणाऱ्या बायकांना सरकारने फसवलं एवढंच म्हणून थांबलं, तर त्या बायकांना आपण मूर्ख ठरवतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. धाग्यावर सगळे १९६८ आणि १९८९ च्या मध्येच अडकलेत. चेक माणसाच्या घरात दुसरं दुःखच नाही का? मी वीस वर्षं रुग्णसेवेत काढली आहेत, त्यामुळे मला सगळ्यात जवळचा वाटलेला चित्रपट सांगते: स्लावेक होराकचा 'होम केअर', २०१५. व्लास्ता ही मोराव्हियातल्या खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळणारी नर्स. बसने, पायी, पावसात. नवऱ्याचं जेवण, मुलीचं लग्न, दुसऱ्यांच्या जखमा, सगळं तिच्यावर. मग कळतं की तीच गंभीर आजारी आहे. आणि आता तिची सेवा कोण करणार याचं उत्तर घरात कुणाकडेच नाही, कारण ती कामं कशी होतात हे कुणी कधी पाहिलेलंच नाही. आलेना मिहुलोवाला याच भूमिकेसाठी कार्लोव्ही वारी महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. दिग्दर्शकाची आई हेच काम करायची. ते प्रत्येक दृश्यात जाणवतं. सुई कशी धरायची हे त्या कॅमेऱ्याला माहीत आहे.

बोहदान स्लामाचा 'आइस मदर' (२०१७) तसाच. सदुसष्ट वर्षांची विधवा हाना दर रविवारी दोन मुलगे, सुना, नातू यांना जेवू घालते. टेबलावर सगळ्यांची भांडणं, आणि ताटं उचलणारी ती एकटी. मग तिला ब्रोन्या भेटतो, बसमध्ये राहणारा, हिवाळ्यात नदीत पोहणारा म्हातारा. तीही बर्फाच्या पाण्यात उतरते. मुलांना आईचं प्रेम प्रकरण झेपत नाही, त्यांना आपलं रविवारचं जेवण हवं असतं. इथे कुणी खबऱ्या नाही, रणगाडा नाही. तरी एका बाईने आपलं घर परत मिळवायचं म्हणजे किती धैर्य लागतं ते बघा.

तिसरीघंटा

त्या बायका मूर्ख होत्या असं मी म्हटलेलं नाही. लेखक हुशार होता एवढंच म्हणालो. स्लामाबद्दल मात्र एक सांगतो. त्याचा २००५ चा 'समथिंग लाइक हॅपिनेस' पाहिलात का? स्पेनमधल्या सान सेबास्तियन चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. उत्तर बोहेमियातल्या गृहसंकुलात एकत्र वाढलेले तिघं. दाशा मानसिक आजाराने कोलमडते, तिची मुलं मोनिका आणि तोनिक सांभाळतात, कारखान्याला खेटून असलेल्या पडक्या घरात. ते सिमेंटचे ठोकळे, ती धुराडी, ती ओसाड जमीन कुणी केली? कोळशासाठी गावंच्या गावं उठवणाऱ्या त्याच राजवटीने. राजकारण दिसत नाही म्हणजे ते नसतं असं नाही. दाशाची मुलं त्याच जमिनीवर खेळतात.

निळीशाई

मोराव्हियावासी, किल्ल्यांची जागा मला आठवते आणि ती उत्तम आहे. पण ती काही सेकंदांची आहे. माझी मागणी अशी की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या घरात कॅमेरा तेवढाच वेळ थांबावा, जेवढा तो जुळवून घेणाऱ्याच्या घरात थांबतो.

म्हणून मी 'बर्निंग बुश' पुढे करते. २०१३ ची तीन भागांची मालिका. यान पालाख या विद्यार्थ्याने १६ जानेवारी १९६९ ला सोव्हिएत आक्रमणानंतरच्या परिस्थितीच्या निषेधार्थ प्रागमध्ये स्वतःला पेटवून घेतलं, तीन दिवसांनी तो गेला. मालिका त्याच्याबद्दल जवळजवळ नाहीच. ती आहे मागे राहिलेल्या आई लिबुशे आणि भाऊ यिर्झी यांच्याबद्दल. विलेम नोवी या खासदाराने जाहीर सभेत सांगितलं की पोराला इतरांनी फसवलं होतं. आईने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला, दाग्मार बुरेशोवा या वकील बाईने तो चालवला, आणि त्या हरल्या. आईला धमक्या, पाळत. इतकंही पुरलं नाही म्हणून १९७३ मध्ये अधिकाऱ्यांनी पालाखचं थडगं उकरून मृतदेह जाळला. हे सगळं एका घरावर कोसळतं. यारोस्लावा पोकोर्नाने ती आई केली आहे, आणि तिला कुठेही थोर केलेलं नाही. ती एक दमलेली, हट्टी, मुलाला मुकलेली बाई आहे. माफीचा प्रश्न तिच्याकडे नेऊन विचारा.

मोराव्हियावासी

तो प्रश्न तिच्याकडे न्यायलाच हवा. पण मग हेही बघा, की 'बर्निंग बुश' लिहिणारा श्टेपान हुलिक १९८४ साली जन्मलेला आहे. राजवट गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. दिग्दर्शिका अग्निएश्का होलंड पोलिश. तिने तो काळ प्रागच्या फिल्म शाळेत विद्यार्थिनी म्हणून अनुभवला, पण ती परत गेली. ज्यांना त्याच शेजाऱ्यांबरोबर त्याच जिन्यात पुढची वीस वर्षं काढायची होती, त्या ह्रेबेयक-स्विएराकच्या पिढीने वेगळ्या सुरात लिहिलं. त्यांना जुळवून घेणाऱ्यांच्या घरातून सुटका नव्हती, कारण ते त्यांचंच घर होतं.

त्याच ह्रेबेयकच्या 'डिव्हायडेड वुई फॉल'मध्ये (२०००) जर्मन ताब्याच्या काळात मूल नसलेलं एक जोडपं एका ज्यू तरुणाला कोठीघरात लपवतं. सुरुवातीला त्याच तरुणाला पाहून जर्मनांना हाक मारणारा शेजारी युद्ध संपताच प्रतिकार गटात उभा असतो. दोघांची नजरानजर होते. तरुण त्याला उघडं पाडत नाही. ही स्वस्त माफी आहे असं तुम्ही म्हणाल. मला ती त्या तरुणाने मोजलेली किंमत वाटते, आणि ती मोजायचा हक्क फक्त त्याचा होता.

सह्यवारा

त्याचा हक्क होता हे बरोबर. पण प्रेक्षकाने त्याच्याबरोबर सुटकेचा निःश्वास टाकायचा का, हे 'डिव्हायडेड वुई फॉल' ठरवून टाकतो आणि 'कावासाकीज रोज' ठरवत नाही. मी अजूनही दुसऱ्याच्या बाजूने आहे. ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी आधी 'कोझी डेन्स' बघा, मग 'द इयर', आणि इथे येऊन भांडा.

कृष्णाकाठची

आणि मग 'होम केअर'. तो यादीत शेवटी टाकू नका.