आरोग्य विम्याचा फ्लोटर घेताना आईवडिलांना त्यात घालू नका

पती-पत्नी, 2 मुलं आणि साठीपुढचे आईवडील अशा सहा जणांसाठी 10 लाखांचा एकच फ्लोटर, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायची एकच विमा रक्कम (कव्हर) असलेली पॉलिसी, स्वस्त पडेल, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. फ्लोटरचा हप्ता साधारणपणे सर्वात मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो, आणि वडिलांच्या एका शस्त्रक्रियेत वर्षाचं कव्हर संपलं तर मुलांसाठी काहीच उरत नाही. आईवडिलांची पॉलिसी वेगळीच काढा.

हप्त्याआधी हॉस्पिटलच्या खोलीभाड्याची मर्यादा बघा. स्वस्त प्लॅनची खरी गोम तिथेच असते. समजा कव्हर 5 लाख आणि मर्यादा त्याच्या 1 टक्का, म्हणजे रोज 5,000. तुम्ही 10,000ची खोली घेतली, तर नुसता भाड्यातला फरक कापून भागत नाही. डॉक्टर, सर्जन, ऑपरेशन थिएटरचे आकारही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, मंजूर होतात. 4 दिवसांचं भाडं 40,000 आणि हे आकार 2 लाख असतील, तर 1,20,000 खिशातून जातात. औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवायची उपकरणं), तपासण्यांना ही कपात लागू नाही.

कव्हर वाढवायला टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी) नको, सुपर टॉप-अप घ्या. डिडक्टिबल, म्हणजे ती ठरावीक रक्कम, 5 लाख असताना वर्षात 4-4 लाखांची दोन बिलं झाली, तर साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो आणि काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षभराच्या बिलांची बेरीज धरून 3 लाख देतो.

आणि मधुमेह, रक्तदाब अर्जात लिहाच. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त 3 वर्षांचा असतो. लपवलेला आजार मात्र पॉलिसीच रद्द करवू शकतो.