मदत हवी आहे: लॅम्डा १.२ येतोय, तरी पिनियनवर राखाडी पट्टा का?

गिअरवाला_भोसरी
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतला कन्व्हेयरचा गिअरबॉक्स आहे. दुसऱ्या स्टेजला पिनियन (जोडीतला लहान गिअर) २० दाती, चाक ८० दाती, मोड्यूल ४, सरळ दात, प्रेशर अँगल २० अंश. दोन्ही केस हार्डन करून ग्राइंड केलेले, आरए (सरासरी खडबडीतपणा) ०.४ मायक्रॉन. पिनियन ३६० आरपीएम, भार रुंदीच्या दर मिलिमीटरला २०० न्यूटन. ऑइल मिनरल ईपी (जास्त दाब सोसणारं), व्हीजी (स्निग्धतेची श्रेणी) २२०. सम्प (तळाशी साठलेलं ऑइल) ६५ अंश.

६०० तासांनंतर पिनियनच्या दातावर पिच लाइनच्या (दाताच्या साधारण मध्यावरची रेषा) खाली धुरकट पट्टा दिसतोय, नखाला लागत नाही. डाउसन-हिगिन्सन सूत्राने दातांमधली ऑइलची फिल्म ०.४९ मायक्रॉन, भागिले खडबडीतपणा ०.४, म्हणजे लॅम्डा १.२. मग चुकतंय कुठे? व्हीजी ३२० टाकू का?

वंगणवेडा
पट्टा मायक्रोपिटिंगचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खड्ड्यांचा) आहे. आत्ताच लक्ष दिलंत हे बरं, कारण पुढे यातून मोठे खड्डे पडू शकतात आणि दाताचा प्रोफाइल बिघडू शकतो.

०.४९ हा आकडा ४० अंशांची स्निग्धता घातल्यावरच येतो. व्हीजी २२० मधले २२० हे ४० अंशांचे सेंटिस्टोक. दाताचा पृष्ठभाग सम्पपेक्षा गरम असतो. इथे ८० अंश धरा. तिथे हेच ऑइल जेमतेम ३५ सेंटिस्टोक उरतं. पुन्हा गणित केलं की पिच पॉइंटला फिल्म ०.१३ मायक्रॉन.

दुसरी चूक भागाकारात. दोन्ही दातांचा खडबडीतपणा धरायचा, तोही आरक्यू (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ): आरएच्या साधारण सव्वापट, म्हणजे ०.५. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.७१. लॅम्डा ०.१८! दात जवळजवळ धातूवर धातू घासतायत.

गिअरवाला_भोसरी
धन्यवाद, डोळे उघडले. पण पट्टा खालीच का? पिच लाइनवर काहीच नाही.

वंगणवेडा
पिच पॉइंट ही सगळ्यात सोयीची जागा आहे, तिथलाच हिशेब करून थांबू नका. तिथे दोन्ही पृष्ठभाग ०.५२ मीटर प्रतिसेकंदाने सारखेच लोळतात. चाकाच्या दाताचं टोक पिनियनच्या मुळाशी टेकतं तेव्हा पिनियनचा पृष्ठभाग ०.११ आणि टोक ०.६२ ने जातं. बाकी सगळं घसरणं, आणि त्यातून उष्णता. शिवाय समतुल्य वक्रता त्रिज्या १०.९ वरून २.८ मिलिमीटरवर येते. फिल्म निम्म्याहूनही कमी. पट्टा नेमका तिथेच आहे.

टिपरिलीफ
त्यात भर: या भाराला दात १०-१५ मायक्रॉन वाकतो. चाकाच्या टोकाला रिलीफ (किंचित घासून दिलेली सूट) नसेल तर टोक पिनियनच्या मुळात खुपसतं. प्रोफाइल चार्ट (दाताच्या आकाराचा आलेख) आधी काढून घ्या.

व्हीजी ३२० बद्दल: फिल्म स्निग्धतेच्या ०.७ घाताने वाढते, म्हणून मिळेल फक्त २०-२२ टक्के. वर पहिल्या स्टेजला ऑइल घुसळून सम्प तापेल आणि मिळालेलं थोडं परत जाईल. दात १० अंश थंड ठेवलेत तर त्याहून जास्त फायदा होतो. मेमधल्या दुपारी शेडमध्ये केसिंगवर धूळ आणि ऑइलचा थर साचलेला असेल तर तो आधी खरवडा. भार निम्मा केला तरी फिल्म ९ टक्केच वाढते, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका.

खरी कमाई फिनिशमध्ये आहे. दोन्ही बाजू सुपरफिनिश (अतिगुळगुळीत) करून आरए ०.१५ वर आणल्यात तर याच ऑइलवर लॅम्डा ०.५. एकच बाजू केली तर लॅम्डात फायदा थोडाच. मोजताना स्टायलस (खडबडीतपणा मोजणारी सुई) मुळाकडून टोकाकडे फिरवा. ग्राइंडिंगच्या रेघांच्या दिशेने फिरवलीत तर आकडा फसवा, कमी येतो.

गिअरवाला_भोसरी
०.५ पुरेल का? पुस्तकं १ च्या वर सांगतात.

वंगणवेडा
अशा मंद स्टेजला १ क्वचितच मिळतो. पुरेल की नाही ते ऑइल ठरवतं. पुरवठादाराकडे एफव्हीए ५४ मायक्रोपिटिंग चाचणीचा अपयश टप्पा (वाढत्या भारात ऑइल कुठल्या पायरीला हरतं ते) मागा, १० किंवा त्याहून वरचाच घ्या. आयएसओ ६३३६ भाग २२ मध्ये त्याच चाचणीवरून त्या ऑइलचा परवानगीयोग्य लॅम्डा काढायची रीत आहे. फक्त त्यात खडबडीतपणा म्हणजे दोन्ही आरएंची सरासरी, म्हणून वरचा ०.५ थेट त्याच्याशी ताडू नका.

सिंथेटिक घ्यायचं असेल तर पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन) चालेल. पॉलिग्लायकोल जुन्या मिनरलवर ओतू नका, दोन्ही एकजीव होत नाहीत.