मदत हवी आहे: आठवीच्या वर्गात खाण्याबद्दल कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. मी आठवीची वर्गशिक्षिका आहे. मधल्या सुट्टीत पोळीभाजीचे डबे तसेच राहतात आणि पाच-दहा रुपयांची चिप्सची पाकिटं फस्त होतात. ‘पुढे मधुमेह होईल’ म्हटलं की मुलं दुसरीकडे बघतात. चाळिशी त्यांना फार लांब वाटते.

टेक्सासमधल्या आठवीच्या मुलांवर झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला मनापासून पटलाय. कंपन्या चटक लागेल असे पदार्थ कसे बनवतात, लहानग्यांना जाहिरातींतून कसं गाठतात, हे त्यात मुलांना दाखवलं. आपल्याला कोणी फसवतंय याचा राग या वयात चटकन येतो. दुसऱ्या दिवशी खाऊ निवडताना त्यांनी अरबट-चरबट कमी घेतलं. पुढच्या प्रयोगात मुलांनी जाहिरातींवरच खोडून खरं काय ते लिहिलं. कॅन्टीनमधल्या खरेदीवरचा परिणाम मुलग्यांमध्ये तीन महिने टिकला.

असा तास कोणी मराठी शाळेत घेतलाय का? कुठल्या जाहिराती वापरल्या? आणि मला खरी काळजी मुलींची आहे: वजन, बारीक-जाड यांवर चर्चा घसरू न देता हे कसं सांभाळलंत? पालकांना आधी सांगावं का?